सही खरी आहे, पण त्याने काय सिद्ध होते?

परळच्या टाटा मेमोरिअल रुग्णालयाला २०१९ साली एक विचित्र खुलासा करावा लागला. गरम नारळपाण्याने कर्करोगाच्या पेशी मरतात, असा संदेश टाटा स्मारक केंद्राचे तेव्हाचे संचालक डॉ. राजेंद्र बडवे यांच्या नावाने व्हॉट्सअॅपवर फिरत होता. डॉक्टर असे काही बोललेले नाहीत आणि नारळपाण्याने कर्करोग बरा होत नाही, हे रुग्णालयाला जाहीरपणे सांगावे लागले. खुलासा छापून आला, लोकांनी वाचला, आणि तरीही तो संदेश पुढे अधूनमधून डोके वर काढतच राहिला.

तो नुसता मजकूर होता. आता चेहरा आणि आवाजही उसना घेता येतो. जानेवारी २०२४ मध्ये सचिन तेंडुलकर एका मोबाइल गेमची जाहिरात करीत असल्याचा व्हिडिओ पसरला. दादरच्या शारदाश्रमात शिकलेल्या आणि शिवाजी पार्कच्या मैदानावर घडलेल्या या खेळाडूचा आवाज मुंबईकरांच्या कानांत बसलेला आहे. तरी लोक फसले, आणि व्हिडिओ बनावट असल्याचे खुद्द सचिनला सांगावे लागले. त्याच वर्षी एप्रिलमध्ये मुंबई शेअर बाजाराने आपल्या मुख्याधिकाऱ्यांच्या नावाने फिरणाऱ्या बनावट व्हिडिओंबाबत गुंतवणूकदारांना सावध केले. नोव्हेंबरमध्ये रिझर्व्ह बँकेवर तीच वेळ आली. तेव्हाचे गव्हर्नर शक्तिकांत दास यांचे खोटे व्हिडिओ गुंतवणुकीच्या योजना खपवत होते. दलाल स्ट्रीट काय, मिंट रोड काय, ज्या संस्थांच्या शब्दावर बाजार चालतो त्यांनाच ‘हे आम्ही बोललो नाही’ असे सांगत फिरावे लागले.

पैशांच्या बाबतीत फसलेला माणूस पैसे गमावतो. आजाराच्या बाबतीत तो वेळ गमावतो, आणि ती भरून काढता येत नाही. स्तनातली गाठ लहान असताना शस्त्रक्रियेने काढता येते. कुठल्याशा काढ्याच्या भरवशावर काही महिने गेले की तीच गाठ काखेत आणि पुढे यकृतापर्यंत पोहोचू शकते. टाटा आणि केईएमच्या आसपासच्या पदपथांवर, दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत उतरलेल्या नातेवाइकांच्या फोनवर गावाकडून असे व्हिडिओ येत असतात. पाठवणाऱ्याच्या मनात वाईट नसते. व्हिडिओत पांढरा कोट असतो, गळ्यात स्टेथोस्कोप असतो, मागे एखाद्या मोठ्या रुग्णालयाची पाटी असते. अविश्वास दाखवायला काही कारणच उरत नाही.

यावर आजवर दिला गेलेला सल्ला असा, की व्हिडिओ नीट निरखून पाहा. पापण्या लवतात का, ओठ आणि शब्द जुळतात का, हाताची बोटे पाच आहेत ना? हा सल्ला झपाट्याने निरुपयोगी होतो आहे, कारण आज दिसणारा दोष उद्याच्या सॉफ्टवेअरमध्ये दुरुस्त झालेला असतो. खोटे पकडण्याच्या शर्यतीत खोटे करणारा नेहमी एक पाऊल पुढे राहतो. म्हणूनच गेल्या काही वर्षांत तज्ज्ञांनी प्रश्न उलटा केला आहे. खोटे ओळखण्याची धडपड करण्याऐवजी, जे खरे आहे त्यालाच आपली ओळख सोबत का देऊ नये? ही ओळख म्हणजे डिजिटल सही.

डिजिटल सही म्हणजे स्वाक्षरीचे स्कॅन केलेले चित्र नव्हे. हाताने केलेली सही प्रत्येक कागदावर सारखीच असते, म्हणून ती गिरवता येते. डिजिटल सही प्रत्येक फाइलसाठी वेगळी असते, कारण ती त्या फाइलच्या मजकुरातूनच तयार होते. आधी छायाचित्रातल्या साऱ्या आकड्यांवर एक गणिती प्रक्रिया होऊन त्यांचा एक छोटा ठसा निघतो. त्याला हॅश म्हणतात. चित्रातला एक ठिपका बदलला तरी हा ठसा पार बदलतो. मग सही करणारा आपल्या खासगी चावीने, म्हणजे फक्त त्याच्याकडे असलेल्या एका गुप्त संख्येने, त्या ठशावर सही करतो. या चावीची जोडीदार असलेली सार्वजनिक चावी सर्वांसाठी खुली असते. तिच्याने सही तपासता येते, पण करता येत नाही. तपासणी जुळली तर दोन गोष्टी कळतात: ही सही त्याच चावीने झाली आहे, आणि सही झाल्यानंतर फाइलमध्ये काडीचाही बदल झालेला नाही. ही कल्पना १९७६ साली डिफी आणि हेलमन या संशोधकांनी मांडली. पुढच्याच वर्षी रिव्हेस्ट, शमीर आणि एडलमन यांनी ती प्रत्यक्षात आणण्याची रीत शोधली. भारतात माहिती तंत्रज्ञान कायद्याने १७ ऑक्टोबर २००० पासून डिजिटल सहीला कायदेशीर मान्यता दिली.

सामान्य माणसाला हे नवे वाटले तरी त्याने ते वापरलेले आहे. कोविड लसीकरणाच्या प्रमाणपत्रावरच्या क्यूआर कोडमध्ये अशीच डिजिटल सही होती. १५ ऑगस्ट २०२१ पासून दोन्ही डोस घेतलेल्यांना लोकल खुली झाली, तेव्हा दादर, परळ, चर्नी रोडच्या फलाटांकडे जाणारी वाट या प्रमाणपत्रातूनच जात होती. आधार कार्डावरचा क्यूआर कोडही सही केलेला असतो. म्हणजे कागदपत्रांसाठी ही सोय रुळलेली आहे. छायाचित्रे आणि व्हिडिओंसाठी ती आता कुठे येते आहे.

त्यासाठी फेब्रुवारी २०२१ मध्ये अडोबी, मायक्रोसॉफ्ट, इंटेल, बीबीसी आदींनी एकत्र येऊन ‘सी टू पी ए’ नावाचे मानक तयार करण्यास सुरुवात केली. कॅमेऱ्याने फोटो टिपताच त्यावर सही करायची, आणि पुढे कोणी तो कापला, उजळला, त्यात काही मिसळले, तर त्या प्रत्येक बदलाची नोंद सहीसह जोडत जायची. लायका कंपनीने ऑक्टोबर २०२३ मध्ये अशी सही करणारा कॅमेरा बाजारात आणला. २०२५ मध्ये गुगलच्या पिक्सेल फोनच्या कॅमेऱ्यातही ही सोय आली.

प्रत्येक टप्प्याची नोंद का हवी, याचा धडा परळनेच एकदा फार महागात घेतला आहे. ३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातल्या मुलकोवाल गावात १०७ जणांना प्लेगची लस टोचली गेली. त्यांतले १९ जण धनुर्वाताने मेले. एकोणीसही जणांना ‘५३-एन’ क्रमांकाच्या एकाच बाटलीतली लस मिळाली होती. बाटली परळच्या प्लेग प्रयोगशाळेतून, म्हणजे आजच्या हाफकिन संस्थेतून गेलेली. क्रमांक होता म्हणून बाटली सापडली. पण डाग परळमध्ये लागला की बाटली उघडताना मुलकोवालमध्ये, हे क्रमांक सांगू शकत नव्हता. बूच काढताना चिमटा जमिनीवर पडला आणि तो नीट निर्जंतुक न करताच वापरला गेला, अशी साक्ष चौकशीत आली होती. तरी ठपका वाल्डेमार हाफकिन यांच्यावर आला, आणि निर्दोष ठरायला त्यांना १९०७ साल उजाडावे लागले. वस्तू कुठून निघाली एवढेच कळून भागत नाही. वाटेत ती कोणाकोणाच्या हातातून गेली आणि प्रत्येकाने तिचे काय केले, हेही कळावे लागते.

वैद्यकात या नोंदीची गरज फसव्या जाहिरातींपुरती नाही. इस्रायलमधील बेन-गुरियन विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१९ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. त्यांनी फुप्फुसांच्या सीटी स्कॅनमध्ये संगणकाच्या मदतीने नसलेल्या गाठी घातल्या आणि असलेल्या गाठी पुसल्या. तीन अनुभवी रेडिओलॉजिस्टनी ते स्कॅन तपासले. घातलेल्या खोट्या गाठींपैकी ९९ टक्के त्यांना कर्करोग वाटल्या, आणि गाठी पुसलेल्यांपैकी ९४ टक्के रुग्ण त्यांनी निरोगी ठरवले. काही स्कॅन बदललेले आहेत हे आधी सांगितल्यावरही ते मोठ्या प्रमाणात फसले. संशोधकांनी सुचवलेल्या उपायांत डिजिटल सही प्रमुख होती: स्कॅन यंत्रातून बाहेर पडतानाच त्यावर यंत्राची सही व्हावी. वैद्यकीय प्रतिमांसाठी जगभर वापरल्या जाणाऱ्या ‘डायकॉम’ या मानकात अशा सहीची तरतूद आहे. ती वापरली मात्र क्वचितच जाते.

परळच्या बाह्यरुग्ण विभागांत रोज काय येते, ते पाहिले की याचे महत्त्व कळते. विदर्भातून, बिहारमधून, बंगालमधून आलेला रुग्ण काखेत एक्स-रेच्या फिल्म घेऊन येतो, पिशवीतून सीडी काढतो, किंवा भाच्याने फोनवर पाठवलेला स्कॅनचा फोटो दाखवतो. तो स्कॅन त्याचाच आहे, याच महिन्यातला आहे, वाटेत कोणी बदललेला नाही, हे सारे डॉक्टर विश्वासाने धरून चालतो. इथे मुद्दाम केलेल्या लबाडीपेक्षा अदलाबदल अधिक संभवते. एकाच आडनावाच्या दोन रुग्णांच्या फाइली एकमेकींत मिसळल्या तरी परिणाम तोच. सही असलेला स्कॅन यातल्या बऱ्याच शंका काही सेकंदांत मिटवील.

इथवर सारे सहीच्या बाजूचे. तिच्या मर्यादाही तितक्याच स्पष्टपणे सांगायला हव्यात, कारण औषधाइतकेच त्याच्या दुष्परिणामांचे ज्ञान आवश्यक असते.

पहिली मर्यादा मुंबईने २०२१ साली अनुभवली. ३० मे रोजी कांदिवलीतील एका गृहसंकुलात सुमारे ३९० रहिवाशांसाठी लसीकरण शिबिर झाले. ते बनावट निघाले. मुंबईत अशा शिबिरांतून २,०५३ जण फसवले गेल्याची माहिती पुढे राज्य सरकारने उच्च न्यायालयात दिली. कुप्यांमध्ये लस नसून मिठाचे पाणी असावे, असा पोलिसांना संशय होता. पण अनेकांच्या हाती प्रमाणपत्रे आली ती निरनिराळ्या रुग्णालयांच्या नावांची, आणि ती कोविनमध्ये चोरलेल्या लॉगिनने शिरून काढल्याचे तपासात पुढे आले. अशा प्रमाणपत्राचा क्यूआर कोड तपासला तर तो खराच ठरणार. सही खरी, सरकारी यंत्रणा खरी, फक्त दंडात गेलेली लस खोटी! चावी ज्याच्या हाती, त्याचा प्रामाणिकपणा गणित तपासू शकत नाही.

दुसरी मर्यादा नोव्हेंबर २०२४ मधली. माजी क्रिकेटपटू नवज्योतसिंग सिद्धू यांनी पत्रकार परिषदेत सांगितले, की त्यांच्या पत्नीने चौथ्या टप्प्यातल्या कर्करोगावर मात केली, आणि त्याचे मोठे श्रेय त्यांनी हळद, कडुनिंब, लिंबूपाणी अशा आहाराला दिले. शस्त्रक्रिया आणि केमोथेरपीही झाली होती. पण लोकांपर्यंत पोहोचली ती हळद. हा व्हिडिओ बनावट नव्हता. माणूस तोच, आवाज तोच, शब्दही त्याचेच. त्यावर डिजिटल सही असती तर ती शंभर टक्के जुळली असती. तेव्हा टाटा मेमोरिअलच्या आजी-माजी २६२ कर्करोगतज्ज्ञांनी निवेदन काढून सांगितले, की या दाव्यांना भक्कम पुरावा नाही आणि कोणीही सिद्ध झालेले उपचार लांबवू नयेत. थोडक्यात, ‘हे कोण बोलले’ याचे उत्तर सही देते. ‘जे बोलले ते खरे आहे का’ या प्रश्नापाशी ती गप्प असते. तिथे पुरावाच लागतो.

तिसरी मर्यादा तांत्रिक आहे. २०२५ मध्ये निकॉनच्या एका कॅमेऱ्यातली अशी फट उघड झाली, की त्यातून सही नसलेल्या चित्रावर कॅमेऱ्याची खरी सही मिळवता येत होती. कंपनीला सेवा थांबवून दिलेली प्रमाणपत्रे रद्द करावी लागली. शिवाय कॅमेरा आपल्यासमोर जे आहे त्यावर सही करतो. समोर बनावट चित्र दाखवणारा पडदा ठेवला, तर त्या पडद्याच्या फोटोवरही सही खरीच होणार.

चौथी अडचण रोजच्या वापरातली. व्हॉट्सअॅपवर फोटो पाठवला की तो आकसतो, त्याचे ठिपके बदलतात आणि सोबत जोडलेली माहिती गळून पडते. म्हणजे जिथे खोटे सर्वाधिक पसरते, तिथेच सही पोहोचत नाही. केंद्र सरकारने फेब्रुवारी २०२६ मध्ये माहिती तंत्रज्ञान नियमांत दुरुस्ती करून कृत्रिम बुद्धिमत्तेने बनवलेल्या दृक्‌श्राव्य मजकुरावर तसे लेबल लावणे बंधनकारक केले. ते योग्यच आहे. पण फसवायला निघालेला माणूस लेबल लावत नाही. म्हणून लेबलाच्या सक्तीइतकीच, खऱ्यावरची सही मध्येच पुसली जाणार नाही याची सक्ती या कंपन्यांवर हवी.

आणि सर्वांत मोठा धोका गैरसमजाचा आहे. सही नाही म्हणजे खोटे, असा अर्थ रूढ झाला तर तो दुबळ्याच्या मुळावर येईल. सही करणारे कॅमेरे आणि फोन आज महाग आहेत. लालबागच्या चाळीत कोसळलेल्या जिन्याचा किंवा रुग्णालयाच्या बोळात जमिनीवर झोपवलेल्या आईचा फोटो काढणाऱ्याकडे साधाच फोन असणार. ‘यावर सही नाही’ एवढे म्हणून ज्यांना उत्तर द्यायचे आहे ते सुटता कामा नयेत. उलट, जिथे सही असेल तिथे ती फोटो काढणाऱ्याचे नाव आणि ठिकाण त्याच्या संमतीशिवाय उघड करणारी नसावी. नाहीतर तक्रार करणारा उघडा पडेल, आणि रुग्णाचा आजारही.

मग करावे काय? सुरुवात संस्थांपासून व्हावी, कारण खोट्यांना हवे असते ते त्यांचेच नाव. टाटा, केईएम, जे. जे., नायर, महापालिकेचा आरोग्य विभाग यांच्या नावाने लोकांसाठी निघणारा प्रत्येक व्हिडिओ, छायाचित्र आणि पत्रक डिजिटल सहीनेच निघावे, आणि ती सही संस्थेच्या संकेतस्थळावर कोणालाही तपासता यावी. नावात संस्था आणि सही मात्र नाही, असे दिसले तर निदान थांबून विचारावे, एवढी सवय त्यातून लागेल. सहीची चावी एका कारकुनाच्या ड्रॉवरमध्ये किंवा साऱ्या विभागाला ठाऊक असलेल्या पासवर्डमागे नसावी. ती दोन जबाबदार अधिकाऱ्यांच्या संमतीनेच चालावी आणि चोरीला गेल्यास त्याच दिवशी रद्द करता यावी. कांदिवलीचा धडा हाच आहे. सीटी आणि एमआरआय यंत्रांच्या सरकारी निविदांमध्ये स्कॅनवर सही करण्याची अट घालावी. यंत्र घेताना ती घातली नाही तर पुढची अनेक वर्षे ती संधी येत नाही. मारहाण आणि अत्याचाराच्या प्रकरणांत जखमांची छायाचित्रे घेतली जातात, तिथे तर हे तातडीने हवे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमात इलेक्ट्रॉनिक पुराव्याच्या प्रमाणपत्रात हॅश नोंदवावा लागतो. तो ठसा खटल्याच्या वेळी काढण्यापेक्षा फोटो काढतानाच निघाला, तर पीडितेची बाजू अधिक भक्कम होईल.

ही व्यवस्था येईपर्यंत वाचकाने एक साधा नियम पाळावा. उपचार थांबवायला, बदलायला किंवा लांबवायला सांगणारा कोणताही व्हिडिओ, मग तो सहीचा असो की बिनसहीचा, आपल्या डॉक्टरला दाखवल्याखेरीज अमलात आणू नये. आणि डॉक्टरांनीही असा फोन पुढे आला की कपाळाला आठ्या घालू नयेत. रांगेत चार तास उभे राहून मिळालेल्या तीन मिनिटांत ज्या प्रश्नांची उत्तरे मिळत नाहीत, ती माणसे रात्री फोनवर शोधतात. तिथे बनावट डॉक्टरकडे त्यांच्यासाठी हवा तेवढा वेळ असतो. खऱ्या डॉक्टरने आणखी दोन मिनिटे दिली, तर बनावटाचे निम्मे काम तिथेच संपते. त्यासाठी ना कॅमेरा लागतो, ना चावी. रुग्णालयांत पुरेसे डॉक्टर मात्र लागतात, आणि त्यांच्या नेमणुकीच्या आदेशावर शासनाने करायची सही अजून साध्या पेनानेही होऊ शकते.